कोयता दोघांचा, हिशेब एकाचा
(करमाळा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



करमाळा तालुक्यात काम करताना एक वाक्य मी सारखं ऐकते: 'ऊसतोडीच्या लोकांना पोरांच्या शाळेचं काही पडलेलं नाही.' शिक्षक म्हणतात, पुढारी म्हणतात, कधी आपल्यातल्याही म्हणतात. आज मला या वाक्याचा हिशेब मांडायचा आहे.

आपल्या तालुक्यात उजनीच्या काठाला ऊस आणि केळी आहे, बाकी भागात पावसावरची जिरायत. म्हणून दिवाळीच्या आसपास इथून टोळ्या बाहेर पडतात आणि बीडकडच्या टोळ्या इथल्या फडात येतात. मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष, बिऱ्हाड कोपीत.

मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे नवरा-बायको. पण पैसे नवऱ्याच्या हातात आणि हिशेबही त्याच्याच नावावर. बाईची वेगळी मजुरी कुठल्याच वहीत नाही. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. वाढ मोठी आहे. तरी जोडीनं दिवसाला दीड टन तोडला असं धरा, तर दोघांचे मिळून साडेपाचशे होतात. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या वाट्याला पावणेतीनशे, तेही उचलीत वळते. आजारी पडली की खाडा, वर खाड्याचा दंड. फिटायची राहिलेली उचल पुढच्या हंगामाच्या डोक्यावर.

म्हणजे प्रश्न नुसता कमी पैशाचा नाही, बेभरवशाचा आहे. पोरीचं नाव शाळेत आई घालते. दिवाळीनंतर ती कुठं असेल हे उचल ठरवते. आईबाप फडात, म्हणून दहा वर्षांची पोर कोपीत धाकट्याला सांभाळते. अंगणवाडीचा आहार गावात राहतो, पोरं फडावर. पोर वयात आली की तिला मागं एकटी ठेवायची भीती वाटते, आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो. बालविवाहाला अडाणीपणा म्हणून आपण मोकळ्या होतो, त्यामागचं हे गणित बघत नाही.

बाईच्या शरीरालाही हाच हिशेब लागतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. दुखण्यापेक्षा खाड्याची धास्ती मोठी, हे त्यामागचं एक कारण.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. रेशनकार्ड दुसऱ्या गावच्या दुकानातही चालतं. पण वसतिगृहात दीड वर्षाचं लेकरू ठेवता येत नाही, आणि आईच्या नावावर मजुरी नसेल तर तिच्या शब्दालाही घरात वजन येत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. दसऱ्याच्या आधी प्रत्येक गटानं गावातून जाणाऱ्या कुटुंबांची यादी करावी: मुलांची वयं, कारखाना, मुकादम. ती शाळेला आणि अंगणवाडीला लेखी द्यावी. दुसरं, आपल्या शिवारात कोप्या पडल्या की तिथली लेकरं आपल्याच अंगणवाडीत बसवावीत. ती बाई परगावची असली तरी भूक परगावची नसते. तिसरं, बाईची मजुरी तिच्या नावानं, तिच्या खात्यात, ही मागणी आपण प्रत्येक ठरावात घालावी.

यादीचं काम याच बैठकीत वाटून घेऊ या.