बोस यांचा वारसा आणि द्रव हेलियम

(डिंभे येथे विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



समोर हुतात्मा बाबू गेनू सागर पसरला आहे. घोड नदीचे हे पाणी कालव्यातून जाताना काठाला व तळाला घासून वेग गमावते. द्रव हेलियम मात्र सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअसखाली अतिसूक्ष्म फटींतूनही घर्षणाविना वाहते. यालाच अतिप्रवाहिता म्हणतात.

याचे मूळ सूत्र एका भारतीयाचे. १९२४ साली ढाका विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या गणनेची नवी रीत आइन्स्टाइन यांना कळवली. आइन्स्टाइन यांनी ती अणूंना लावली आणि पुरेशा थंडीत असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील, असे भाकीत केले. १९३८ साली फ्रिट्झ लंडन यांनी हेलियमचे कोडे या सूत्राने उलगडू पाहिले. गणिताने उत्तर दिले ३.१३ केल्विन, प्रयोग सांगत होता २.१७.

हा फरक का? त्या आदर्श वायूतील अणू परस्परांची दखलच घेत नाहीत. द्रवात ते दाटीने असतात आणि फार जवळ येताच एकमेकांना दूर लोटतात. १९४७ मध्ये बोगोल्युबोव्ह यांनी सौम्य प्रतिकर्षण गृहीत धरून गणित मांडले. त्यात हालचाल एकेकट्या अणूची न राहता सर्वांची मिळून, ध्वनिलहरीसारखी होते. त्यामुळे मंद प्रवाहाची ऊर्जा वाया जाण्यास वाटच उरत नाही. परस्परक्रिया वगळली, तर अतिप्रवाहिताही उरत नाही!

अतिप्रवाही हेलियम फिरवले की त्यात ठरावीक बळाचे सूक्ष्म भोवरे उठतात. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटातही न्यूट्रॉनांच्या जोड्यांचा असाच प्रवाह असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथे अडकलेले भोवरे एकदम सुटले की ताऱ्याची गिरकी अचानक वाढते. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना अशाच ताऱ्यांच्या स्पंदनांचा वेध घेतात.

बोस यांचा अभिमान आपल्याला आहेच. परंतु ३.१३ आणि २.१७ यांतील अंतर अभिमानाने मिटले नाही. फाइनमन यांची गणितपद्धती संगणकावर चालवून १९८०च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी ते मिटवले. वारशाची पुढील मोजणी आपल्या मुलामुलींच्या वहीत व्हावी, एवढेच मागणे मागून मी थांबतो.