अर्थविद्या आणि व्यवहारनीती

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशांतील अनेक विद्यापीठांत काही आठवड्यांचे अभ्यासवर्ग भरतात. भांडवल, व्याज व जोखीम यांचे गणित तेथे शिकविले जाते आणि त्याच्या जोडीला व्यापारातील नीतीचाही पाठ दिला जातो. आदिलाबादसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातील एखादा होतकरू विद्यार्थी अशा वर्गास जातो, तेव्हा आपण अगदीच नवी विद्या शिकावयास निघालो आहोत, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. गणितापुरते ते खरेही आहे. परंतु नीतीचा जो मूळ प्रश्न त्या वर्गात चर्चिला जातो, तो त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याने फार जबर किंमत देऊन सोडविण्याचा यत्न केलेला आहे.

तो प्रश्न कोणता? सौद्यातील एका पक्षास सारे ठाऊक आणि दुसऱ्यास काहीच ठाऊक नाही, अशा स्थितीत दोघांनी राजीखुशीने केलेला करार न्याय्य म्हणावा काय? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ह्या विषमतेचे परिणाम दाखविले. त्या विवेचनाबद्दल 2001 साली त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आता आदिलाबादकडे वळावे. येथील गोंडांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन निसटत गेली. राखीव जंगलांची बंधने, बाहेरून आलेल्यांना मिळालेले पट्टे आणि सावकारी कर्ज ही त्याची प्रमुख कारणे होत. कागदावर काय लिहिले आहे हे ज्यास वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्यास संमती म्हणणे हे केवळ शब्दांपुरते खरे असते. 1940 साली जोडेघाट येथे कुमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि ह्या असंतोषाकडे निजाम सरकारास लक्ष देणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंडांची स्थिती अभ्यासून सरकारपुढे मांडली आणि 1943 साली मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. तेथील क्रमिक पुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत होती. येथे अक्षरओळख ही निव्वळ विद्येची बाब नव्हती; आपल्या नावे काय लिहिले जात आहे, हे जाणण्याचे ते साधन होते. पुढे 1959 चा आदिवासी जमीन हस्तांतरणाचा नियम 1963 साली तेलंगणास लागू झाला आणि तो 1970 साली अधिक कडक करण्यात आला.

मराठी मुलुखासही हा धडा अपरिचित नाही. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी दंगे केले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या घरातील रोखे व खतपत्रे यांवर होता. त्यानंतर 1879 साली झालेल्या कायद्याने न्यायालयास रोख्यामागील मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार दिला आणि सावकारावर पावती व हिशेब देण्याचे बंधन घातले. आदिलाबादला पैनगंगेपलीकडे लागून असलेल्या वऱ्हाडात कारंजे येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला आणि 1897 साली वऱ्हाडासाठी तसा कायदाच झाला. त्यात दलाल व मापारी यांना परवान्याचे बंधन होते. दोन्ही कायद्यांचा हेतू एकच: वही आणि काटा दुर्बल पक्षालाही तपासता यावा.

तथापि सद्‌हेतूने सुरू झालेला व्यवहारही घसरू शकतो. गरीब स्त्रियांना तारणाविना लहान कर्जे देणाऱ्या संस्थांचा आंध्रात मोठा विस्तार झाला. परंतु एका घरावर अनेक कर्जे आणि आठवड्याच्या हप्त्यांसाठी तगादा, अशी स्थिती आली. ऑक्टोबर 2010 मध्ये तेथील सरकारने वटहुकूम काढून संस्थांची नोंदणी, व्याजदराची जाहीर मांडणी आणि मासिक हप्ता आवश्यक केला. आदिलाबाद तेव्हा त्याच राज्यात होते. जुलूम थांबावा म्हणून योजलेल्या ह्या उपायाने वसुली थंडावली आणि त्याबरोबर नवे कर्ज मिळणेही दुरापास्त झाले. म्हणजे नुसता कोप नीतीला पुरत नाही; तिला हिशेबाचे ज्ञानही लागते. परदेशी शिक्षणाचे खरे प्रयोजन ते येथेच.

हे दोन्ही एकत्र कसे नांदतात याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे लंडनला शिकले. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात चलनाचे क्लिष्ट शास्त्र मांडताना त्यांनी एक साधी गोष्ट दृष्टीआड होऊ दिली नाही: रुपयाचे मोल उतरले की निर्यातदारास होणारा लाभ मजुराच्या घटलेल्या खऱ्या वेतनातून येतो. आकडे परक्या विद्यापीठात शिकलेले. पण ते कोणाच्या ताटातून वजा होतात, हा प्रश्न त्यांनी सोबत नेला होता.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने व्याजाचे व जोखमीचे गणित मन लावून शिकावे. मात्र परतल्यावर मांडलेला प्रत्येक हिशेब, ज्याच्या नावे कर्ज पडले आहे त्यास त्याच्या भाषेत समजावून सांगता येतो काय, ही कसोटी त्याने लावून पाहावी. सांगता आला, तर विद्या सार्थ झाली. सांगण्यास संकोच वाटला, तर तो हिशेब पुन्हा तपासलेला बरा.