पेटीचे नाव, माणसाचे नाव

युनियनच्या कचेरीत ग्रॅच्युइटीचे कागद सामाईक नेटवर्क-पेटीत असतात. सुनावणीच्या आदल्या रात्री संगणक पुनःपुन्हा नाव नि पासवर्ड मागू लागला. कारकून बिचारा पिन दाबीत राहिला. पण पिन त्या संगणकापुरता. पेटीला तो ठाऊकच नसतो! पेटीचा पासवर्ड मी आठवड्यापूर्वी बदललेला, आणि क्रेडेन्शियल मॅनेजर जुनाच पुढे करीत होता. चूक माझीच. जुनी नोंद खोडली, संगणक पुन्हा सुरू केला; पेटीचे नाव, उलटी तिरपी रेघ, मग वापरणाऱ्याचे नाव असे लिहिले. नुसते नाव दिले तर संगणक ते स्वतःच्याच घरातले समजू शकतो. कागद मिळाले.

कोणी म्हणाले, पासवर्डच काढा. छे! आत माणसांचे पगार आहेत. शिवाय २०२४ चे विंडोज ११ प्रो, २४एच२, असा बिनओळखीचा प्रवेश आपणहून नाकारतेच.