गाडीच्या ब्रेकचाही हिशोब वहीत हवा



आपल्या भागातल्या बऱ्याच गटांनी आता मालवाहतुकीची गाडी घेतली आहे. कोणी कर्ज काढून पिकअप घेतली, कुठे दोन गटांनी मिळून टेम्पो घेतला. जुन्नर-ओतूरकडचा माल माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात जातो. गाडीचा हप्ता, डिझेल, विमा, ड्रायव्हरचा पगार हे सगळं आपण मासिक बैठकीत वाचून दाखवतो. ब्रेकचा विषय मात्र फारसा निघत नाही. ते ड्रायव्हरचं काम, असं धरलं जातं. पण गाडी गटाची आहे आणि त्या गाडीत आपलाच मुलगा, दीर नाहीतर पुतण्या बसलेला असतो. म्हणून आज ब्रेक पॅड किती दिवस टिकतात आणि नवे घेताना काय बघायचं, हे बोलू.

आधी ब्रेक पॅड म्हणजे काय ते पाहू. पिकअपच्या पुढच्या चाकांत बहुतेक वेळा लोखंडी चकती असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड त्या चकतीला चिमट्यासारखे धरतात. मागच्या चाकांत ड्रम असतो, त्याच्या आत लायनर घासतात. मोठ्या ट्रकना बहुधा सगळ्याच चाकांना ड्रम आणि लायनर असतात. पॅड काय आणि लायनर काय, ते झिजण्यासाठीच केलेले असतात. ब्रेक दाबल्यावर गाडीचा वजन पुढे येतं, त्यामुळे पुढचे पॅड सहसा आधी संपतात.

आता ते टिकतात किती? गॅरेजमध्ये विचारलं तर मेस्त्री 30,000 ते 60,000 किलोमीटर सांगतात. हा ढोबळ हिशोब आहे. सपाट रस्त्यावर बेताचा माल नेणाऱ्या गाडीला तो लागू पडेल. रोज भरल्या गाडीनं घाट उतरत असाल तर 20,000 किलोमीटरलाही पॅड संपतात. म्हणून शेजारच्या गटाचे पॅड किती चालले, यावरून आपला अंदाज बांधू नका.

खरा हिशोब जाडीचा आहे. नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. खालची लोखंडी पट्टी यात धरायची नाही. हा थर 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी होते.

आमच्या गटात आम्ही कर्जाच्या वहीसारखंच गाडीच्या वहीत ब्रेकचं एक पान ठेवतो. दर 5,000 किलोमीटरला चाक काढून मेस्त्रीकडून जाडी मोजून घ्यायची आणि तारीख, किलोमीटर, जाडी लिहायची. समजा नवा पॅड 10 मिलिमीटरचा होता आणि 10,000 किलोमीटरनंतर 7 उरला. म्हणजे 3 मिलिमीटर झिजले. बदलायच्या खुणेपर्यंत अजून 4 आहेत. याच गतीनं ते साधारण 13,000 किलोमीटर जातील. खर्च कधी येणार हे तीन-चार महिने आधी कळतं आणि पैसे बाजूला काढता येतात. दोन्ही चाकांचे, आतले आणि बाहेरचे, सगळे पॅड मोजायला सांगा. एकच जास्त झिजला असेल तर कुठेतरी काहीतरी अडकतंय, असं समजायचं.

पॅड लवकर कशानं संपतात? पहिलं कारण जादा माल. टोमॅटोचा क्रेट 20 किलोचा धरला तर 75 क्रेट म्हणजे दीड टन झाले. वर आणखी 25 चढवले की अर्धा टन वाढला. तो थांबवायचं काम ब्रेकलाच करावं लागतं. गाडीची क्षमता आरसीवर लिहिलेली असते, ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसरं कारण वेग. वेग 30 वरून 60 झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर थांबवताना ब्रेकवर येणारा भार चौपट होतो.

तिसरं कारण घाट. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढेल, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकला उसंत मिळते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणं म्हणजे सगळा भार एकट्या ब्रेकवर टाकणं. तेव्हा पॅड इतके तापतात की जळका वास येतो आणि पाय कितीही दाबला तरी गाडी धरत नाही. असा वास आला तर खालच्या गिअरवर घेऊन सुरक्षित जागी थांबायचं आणि ब्रेक आपोआप निवू द्यायचे. तापलेल्या चकतीवर पाणी ओतायचं नाही, ती वाकते किंवा तडकते.

काही खुणा आपल्यालाही ओळखता येतात. ब्रेक दाबल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर पॅड संपत आले असतील. खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर गाडी पुढच्या खेपेला पाठवू नका. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, पाय नेहमीपेक्षा खोल जातो का, हे ड्रायव्हरला विचारा. पाय मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये हवा किंवा गळती असू शकते. ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं.

आता खरेदी. दुकानात जाताना गाडीचं मॉडेल, कोणत्या सालची आहे ते आणि जुना पॅड सोबत न्या. ‘बसेल तसाच’ यावर घेऊ नका, पार्ट नंबर जुळला पाहिजे. डबा सीलबंद हवा. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच नंबर आणि किंमत छापलेली हवी. पक्कं बिल घ्या, कारण नकली माल बाजारात भरपूर आहे. पॅडच्या कडेला बहुधा एफएफ किंवा जीजी अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर गार असताना पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती ते सांगतं. ई पेक्षा एफची, एफपेक्षा जीची पकड जास्त. ही अक्षरं टिकाऊपणाची नाहीत. कंपनीनं मूळ पॅडला जी दिली आहेत, त्यांच्याशी जुळणारीच घ्या.

‘कडक पॅड आहे, दुप्पट चालेल’ असं दुकानदार म्हणाला तरी भुलू नका. फार कडक पॅड चकतीच खातो, आणि चकती पॅडपेक्षा कितीतरी महाग असते. समजा स्वस्त जोड 600 रुपयांचा आणि चांगला 1,400 चा आहे. फरक 800 रुपयांचा. बारा जणींच्या गटात तो एकीला 67 रुपये पडतो. घाटात गाडी थांबायला हवी तेव्हा थांबावी, यासाठी हे पैसे आहेत.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. चकतीही मोजून घ्या, तिची कमीत कमी जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ब्रेकमधली धूळ हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला फार घातक आहे. ओल्या फडक्यानं पुसायला सांगा, पोरांना जवळ थांबू देऊ नका. नवे पॅड बसवल्यावर पहिले 200-300 किलोमीटर जोरात ब्रेक मारायचा नाही. पहिलीच खेप भरून घाटात न्यायची नाही.

शेवटी मुद्द्याचं. पॅड संपत आल्याचं ड्रायव्हरला सगळ्यात आधी कळतं. पण ‘आत्ताच टायर घेतले, परत खर्च?’ असं ऐकावं लागेल म्हणून तो गप्प राहतो आणि आणखी एक खेप मारतो. त्याला बोलता यावं, म्हणून आमच्या गटानं दोन ठराव केले आहेत. ब्रेकच्या खर्चाला बैठकीची वाट बघायची नाही; अध्यक्ष आणि खजिनदारांनी लगेच पैसे द्यायचे आणि पुढच्या बैठकीत हिशोब मांडायचा. आणि ड्रायव्हर ‘एवढा माल नको’ किंवा ‘ब्रेक बघितल्याशिवाय निघत नाही’ म्हणाला, तर त्याला कोणी बोल लावायचा नाही, त्याचा रोजही कापायचा नाही. मागे क्रेटवर कोणी बसायचं नाही, हेही त्यातच लिहिलं आहे.

येत्या बैठकीत तुमच्या गाडीची वही उघडा. ब्रेक शेवटचे कधी बघितले, एवढंच विचारा. उत्तर सापडलं नाही तर दुसऱ्याच दिवशी गाडी मेस्त्रीकडे पाठवा.