घरची प्रार्थना आणि घरचे वागणे

दिवसाची कामे आटोपून, गुरावासरांना वैरण घालून आपण आता जरा टेकला असाल. आज मी आपल्याशी घरातल्याच एका गोष्टीविषयी बोलणार आहे. आईबापांची श्रद्धा मुलांपर्यंत पोहोचते कशी? मी ख्रिस्ती घरात वाढलो, म्हणून दाखले तिथलेच देईन. पण आपण कोणत्याही धर्माचे असलात, तरी हा प्रश्न आपल्या ओसरीवर कधी ना कधी आलाच असेल.

आमच्याकडे संध्याकाळी दिवे लागले की घरची प्रार्थना होते. चटई अंथरायची, पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायचा, एक भजन म्हणायचे आणि मग सर्वांनी डोळे मिटून हात जोडायचे. एवढे नेमाने केले म्हणजे मुलांना धर्म शिकवून झाला, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. ती मोडली माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने.

कांद्याची काढणी चालू होती. गावातली एक बाई आठ दिवस आमच्या वावरात कामाला येत होती. काम संपले त्या दिवशी ती मजुरी मागायला आली. मी म्हटले, "मावशी, कांद्याची पट्टी अजून हातात आली नाही. पुढच्या आठवड्यात बघू." खरे सांगायचे, तर पैसे घरात होते, पण ते मी खताच्या दुकानदारासाठी राखून ठेवले होते. मावशी काही बोलल्या नाहीत. पदर सावरून निघून गेल्या.

त्याच रात्री आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. तिच्यात रोजच्या भाकरीचे मागणे आहे. आमेन झाले आणि पोरगा म्हणाला, "बाबा, आपण आपली भाकर मागितली. मग मावशीची कोण देणार?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शास्त्रात 'अनुवाद' नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितले आहे की, देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवा; घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला. हा भाग मी मुलांना कितीदा तरी वाचून दाखवला होता. पण त्याच पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात असेही आहे की, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी. पहिली आज्ञा मुलाने माझ्या तोंडून ऐकली होती. दुसरी मोडताना त्याने मला पाहिले होते.

मी चपला घातल्या, बॅटरी घेतली आणि मुलालाही बरोबर घेतले. मावशींच्या दारात हिशेब चुकता केला आणि त्याच्यादेखत म्हटले, "मावशी, माझं चुकलं. पैसे होते, तरी मी नाही म्हणालो." त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, सकाळी दिले असते तरी चाललं असतं." पण आम्ही वळतो न वळतो तोच त्यांनी लेकीला पिठासाठी दुकानात पिटाळले. सकाळी चालले नसते, हे आम्हां दोघांनाही कळले. वाटेने पोरगा एक शब्द बोलला नाही; फक्त माझा हात धरून चालत राहिला.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या एका नामांकित घराकडे पाहू. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना तो मोठा आघात होता. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे आल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. आणि टिळकांनी त्यांना ते सांभाळू दिले. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्या ख्रिस्ती झाल्या. त्या घरात पोरक्यांना आसरा होता. बालकवी ठोमरे आपल्या धर्मात राहूनही तिथे मुलासारखे वावरले.

मुलगा देवदत्त हे सारे पाहत वाढला. पुढे त्यानेच आईच्या मागे लागून तिच्या आठवणी लिहवून घेतल्या. १९३४ पासून त्या 'स्मृतिचित्रे' या नावाने पुस्तकरूपाने निघू लागल्या. त्यांत टिळकांचा तापट स्वभाव आहे, पैशाबाबतचा विसराळूपणा आहे, नवराबायकोची भांडणे आहेत. लक्ष्मीबाईंनी काही झाकले नाही आणि मुलालाही ते झाकावेसे वाटले नाही. आईबाप निर्दोष असावे लागत नाहीत, हे त्या पुस्तकातून कळते. ते खरे असावे लागतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यालाही हे लागू आहे. फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असे सुवाच्य अक्षरात लिहिले, आणि तपासणीच्या दिवशी गैरहजर मुलाची हजेरी लावली, तर वर्गाने कोणता धडा घेतला, हे निराळे सांगायला नको.

मग करावे काय? प्रार्थना सोडू नका. ती मुलाच्या कानावर पडू द्या. पण डोळे उघडल्यावर पाच मिनिटे विचार करा की, आज आपण कोणाचे देणे ठेवले, कोणाला टाकून बोललो. चूक झाली असेल तर मुलांदेखत कबूल करा आणि मुलांदेखतच सुधारा. बापाने माफी मागितली म्हणून त्याचा मान जात नाही. उलट, देवाला आपला बापही जाब देतो, हे मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कळते.

माझा मुलगा पुढे श्रद्धेने चालेल की नाही, हे मी कोण सांगणार? ते त्याचे आणि देवाचे आहे. पण आमच्या घरी तेव्हापासून एक नेम झाला आहे. मजुरी दिल्याशिवाय प्रार्थनेची चटई अंथरायची नाही. आणि दिली की नाही, हे विचारण्याचे काम त्याच्याकडे आहे.