नाही म्हणा, पण लेखी म्हणा

तेंदूचा हंगाम तुम्हाला मी काय सांगावा! पहाटे जंगलात जायचं, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचे. तिथला दिवाणजी पुडके मोजतो, खराब ते बाजूला काढतो. काढतो ते तुमच्या डोळ्यांदेखत, आणि मोजलेलं कार्डावर लिहितो. समजा, त्यानं डोक्यावरचा भारा उतरवूच दिला नाही, "तुझी पानं कामाची नसतील, जा घरी" म्हणाला, तर? मजुरी बुडालीच, वर तुम्ही फळीवर आला होता याचाही पुरावा नाही. उद्या चेकर आला तरी तपासणार काय? कार्ड कोरं!

पोलीस ठाण्यात रिपोर्ट टाकायला गेलेल्याचं असंच होतं. मागच्या पावसाळ्यात पोंभुर्ण्याच्या बसथांब्यावर दूरच्या एका ठाण्यातून परतलेल्या आजी भेटल्या. पदराच्या गाठीत चार घड्यांचा अर्ज, शाई घामानं पसरलेली, शिक्का कुठेच नाही. "साहेब म्हणाले, पाहून घेऊ." पोच मागितली नव्हती. म्हणजे कागदोपत्री आजी ठाण्यात गेल्याच नाहीत.

१२ नोव्हेंबर २०१३ला ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवायचाच. खरं-खोटं तपासात ठरेल, दारात नाही. काही प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी चालते. पण तीही स्टेशन डायरीत लिहूनच. आणि चौकशीअंती प्रकरण बंद केलं, तर कारणासह त्या नोंदीची प्रत आठवडाभरात तक्रारदाराला द्यायची. पुन्हा सांगते, नकाराचीसुद्धा प्रत! कारण वरचे अधिकारी, न्यायाधीश तपासतात ते लिहिलेलं. दारातून परत पाठवलेला माणूस त्यांना दिसणार कसा?

लिहिलेलं किती पुढे जातं, ते बघा. मार्च १९७२. तेव्हा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात असलेलं देसाईगंज. ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केल्याचं एका आदिवासी मुलीनं सांगितलं. बाहेर लोक जमले, ठाणं पेटवू म्हणाले. हेड कॉन्स्टेबलनं जमाव शांत केला, मग तिची फिर्याद लिहून घेतली. १९७८ला सर्वोच्च न्यायालयातून आरोपी सुटले, देशभर संताप उसळला, १९८३ला बलात्काराचा कायदा बदलला. त्या रात्री फिर्याद कागदावर आली नसती, तर यातलं काय झालं असतं? आणि जिच्यासाठी गाव गोळा होत नाही, त्या पोरीनं काय करायचं?

वेळ थोडा उरलाय. १ जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम १७३ लक्षात ठेवा. हद्द कुठलीही असो, खबर घ्यायचीच, प्रत फुकट. नाही घेतली, तर चंद्रपूरला पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लिहा, पावती जपा. तिथंही हललं नाही, तर न्यायदंडाधिकारी. पण बायांनो, ठाण्यातून उठण्याआधी एवढं विचाराच: "साहेब, डायरीत नोंद कितव्या नंबरला पडली?" आणि नंबर लिहून घ्या. पेन घरून न्या.