ऐकणारीचे हात
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



श्रावणातल्या रविवारची आदित्य राणूबाईची कहाणी आपल्यापैकी पुष्कळजणींना तोंडपाठ असेल. तीत सहा मोत्ये येतात. तीन सांगणारीने घ्यायची, तीन ऐकणाऱ्याच्या हाती द्यायची. नुसते ऐकणाऱ्यालाही बरोबरीचा वाटा! मला वाटते, त्यात मोठी युक्ती आहे. मुठीत मोत्ये धरलेली बाई भाजी निवडू शकत नाही. तिला समोरच बसावे लागते, तोंडाकडे पाहत 'हूं' म्हणावे लागते.

मला हे फार उशिरा उमगले. मुलुंडला आमच्या चाळीत शेजारच्या वहिनी एकदा भरदुपारी आल्या. माझे हात तांदूळ निवडीत होते, डोळे घड्याळाकडे. "सांगा ना, ऐकतेय मी," म्हटले. आणि खरोखरच ऐकत होते. त्या घुटमळल्या, पावसाविषयी काहीबाही बोलल्या नि उठल्या. त्यांची लेक सासर सोडून आली होती, हे मला चार महिन्यांनी तिसरीकडूनच कळले.

आता कोणी दाराशी आले, की मी सूप बाजूला सारते, मोबाईल पालथा घालते. कुकरच्या शिट्ट्या मात्र अजून मोजते. तेवढे आपण चालवून घ्यावे.